पेटीतला ब्लॅक अँड व्हाइट फोटो

मागच्या वेळी आपण कर्जाचं रजिस्टर कसं लिहायचं ते बघितलं. आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, ताईला आज झालंय काय? आज मी बोलणार आहे फोटोवर, आणि तेही जुन्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोवर. पुस्तकात त्याला कृष्णधवल म्हणतात.

त्याला कारण आहे. माझ्या हातून एक चूक झाली. ती तुमच्या हातून होऊ नये म्हणून आधी तीच सांगते.

आमच्या गटातल्या एक मावशी आहेत. नातवाच्या लग्नाआधी घर रंगवायचं म्हणून त्यांनी भिंतीवरच्या फ्रेमा उतरवल्या. त्यातली एक घेऊन त्या मीटिंगला आल्या. फ्रेममध्ये त्यांच्या आईचा फोटो होता, आईचा एकुलता एक. नऊवारी, डोईवर पदर, कपाळावर मोठं कुंकू. भिंतीला ओल येत होती, त्यामुळे कडेला बुरशीचे ठिपके पडले होते. मावशी म्हणाल्या, "ताई, याची मोठी कॉपी करून आणाल का?" मला वाटलं, फ्रेममधून काढला तर कॉपी चांगली येईल. मी मागचे खिळे काढले, पुठ्ठा काढला आणि फोटो ओढला. फोटो काचेला चिकटलेला होता. कागद माझ्या हातात आला आणि आईचा अर्धा चेहरा काचेवरच राहिला.

मावशी काही बोलल्या नाहीत. "जाऊ द्या ताई, जुना झाला होता," एवढंच म्हणाल्या. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या बाईचा जगात एकच फोटो होता, तो मी फाडला होता.

दुसऱ्या दिवशी ती काच आणि तो कागद घेऊन मी तालुक्याच्या गावी एका जुन्या फोटो स्टुडिओत गेले. मालक काका सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांनी काच उजेडात धरून बघितली आणि म्हणाले, "पोरी, फोटो कसा बनतो हे तुला माहीत असतं, तर तू तो ओढला नसतास." मग त्यांनी मला बसवून सगळं सांगितलं. तेच आज तुम्हाला सांगते.

फोटोत चांदी असते

जुना ब्लॅक अँड व्हाइट फोटो शाईचा नसतो. त्यातला काळा रंग म्हणजे चांदी असते. आपल्या पैंजणातली चांदीच, पण इतकी बारीक की चमकत नाही, काळी दिसते.

चांदीचे काही क्षार असे असतात की त्यांच्यावर उजेड पडला की त्यांच्यात बदल होतो. हे क्षार जिलेटिनमध्ये कालवून फिल्मवर त्याचा पातळ थर देतात. जिलेटिन म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढलेला चिकट पदार्थ. हे जिलेटिन लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

कॅमेऱ्याचं झाकण क्षणभर उघडतं आणि उजेड आत जाऊन फिल्मवर पडतो. किती उजेड आत घ्यायचा, हे बादली भरण्यासारखं आहे. नळ मोठा सोडला तर बादली लवकर भरते, बारीक सोडला तर वेळ लागतो. कॅमेऱ्यातही भोक किती मोठं ठेवायचं आणि ते किती वेळ उघडं ठेवायचं, या दोन गोष्टींचा मेळ घालावा लागतो. उजेड कमी पडला तर फोटो काळवंडतो, जास्त झाला तर पांढराफटक पडतो.

फोटो काढला तरी फिल्मवर लगेच काही दिसत नाही. दुधाला विरजण लावल्यावर दूध दिसायला दूधच असतं, पण आत काम सुरू झालेलं असतं, तसंच हे. चित्र आत असतं, पण लपलेलं. ते बाहेर काढण्यासाठी फिल्म डेव्हलपर नावाच्या औषधात बुडवतात. जिथे उजेड पडला असेल तिथल्या क्षाराची काळी चांदी होते. जिथे पडला नसेल तिथे क्षार तसाच राहतो. दही उन्हाळ्यात लवकर लागतं आणि थंडीत उशिरा, तसंच या औषधाचंही आहे. ते साधारण वीस अंश तापमानाला वापरायचं असतं. काका सांगत होते, मे महिन्यात ते औषधाच्या भांड्याभोवती बर्फ लावून ठेवायचे.

मग राहिलेला क्षार काढून टाकावा लागतो, नाहीतर उजेडात आल्यावर तोही काळा होईल. त्यासाठी दुसरं औषध असतं, स्टुडिओवाले त्याला हायपो म्हणतात. हायपोमुळे चित्र कायम होतं. शेवटी वाहत्या पाण्यात फिल्म चांगली धुवायची आणि धूळ नसेल तिथे टांगून वाळवायची.

ही झाली निगेटिव्ह. तिच्यात सगळं उलटं दिसतं. पांढरी साडी काळी, काळे केस पांढरे. असं का? आपल्या हाताकडे बघा. उन्हात खुरपणी करून हात काळवंडतो, पण बांगड्या मागे सारल्या की खालची कातडी उजळ दिसते. जिथे ऊन पडलं तिथे काळं, जिथे आड आलं तिथे गोरं. निगेटिव्हचंही तेच. पांढऱ्या साडीवरून भरपूर उजेड आला, म्हणून ती जागा काळी झाली.

अंधारी खोली

निगेटिव्हवरून कागदावर फोटो काढायचं काम डार्क रूममध्ये चालायचं. काकांची खोली अजून आहे, आता तिथे खोकी भरून ठेवली आहेत. पण लाल दिवा तसाच टांगलेला आहे. फोटोच्या कागदावर लाल उजेडाचा परिणाम होत नाही, म्हणून लाल दिव्यात काम करता यायचं. फिल्म मात्र लाल उजेडानेही खराब होते, म्हणून ती पूर्ण अंधारात, बोटांनी चाचपून हाताळायची.

एन्लार्जर नावाच्या उभ्या यंत्रात निगेटिव्ह ठेवायची, वरून दिवा लावायचा आणि खालच्या कागदावर तिची मोठी सावली पाडायची. उलट्याचं उलटं होऊन सुलटं चित्र मिळतं. कागद पुन्हा डेव्हलपरच्या ट्रेमध्ये टाकला की एक-दोन मिनिटांत कोऱ्या कागदावर आधी केस, मग डोळे, मग साडीचे काठ दिसायला लागतात. काका म्हणाले, "हजारो फोटो धुतले, पण कागदावर चेहरा वर येताना बघायचा मला कधी कंटाळा आला नाही."

खरी कला इथेच होती. चेहरा फार काळा येतोय असं वाटलं, तर कागदावर उजेड पडत असताना तेवढ्या भागावर हाताची सावली धरायची. तिथे उजेड कमी पोचला की चेहरा उजळ येतो. पांढऱ्या साडीच्या निऱ्या दिसत नसतील, तर तेवढ्याच जागेला थोडा जास्त उजेड द्यायचा. म्हणजे एका निगेटिव्हवरून दोघांनी काढलेले फोटो वेगवेगळे येऊ शकतात. पीठ तेच असलं तरी दोघींच्या भाकरी सारख्या होत नाहीत, तसं.

धुण्यात आळस केला तर त्याची शिक्षा पुढच्या पिढीला मिळते. कागदात हायपो राहून गेला की काही वर्षांनी फोटोवर पिवळे-तपकिरी डाग पडतात. नीट धुतलेला फोटो मात्र शंभर वर्षंही टिकतो. त्याच्या उलट आपल्या घरातले तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे रंगीत फोटो बघा. लग्नाचा हिरवा शालू विटला, चेहरे लालसर पडले. रंगीत फोटोत शेवटी रंगच उरतो आणि रंग उडतो. चांदी तशी उडत नाही. म्हणून कधी कधी आजीच्या लग्नाचा फोटो स्पष्ट असतो आणि आईच्या लग्नाचा पुसट झालेला असतो.

कुंकू काळं का दिसतं?

आमच्या मीटिंगमध्ये एकीने विचारलं, "जुन्या फोटोत बायकांचं कुंकू काळं का असतं? तेव्हा काळं लावायच्या का?" नाही. सुरुवातीच्या काचेच्या प्लेटा आणि फिल्मा यांना निळा रंग चांगला कळायचा, लाल कळायचाच नाही. त्यामुळे लाल कुंकू काळं यायचं आणि निळं आभाळ पांढरं यायचं. पुढे सगळे रंग ओळखणाऱ्या फिल्मा आल्या.

तरीही ब्लॅक अँड व्हाइटमध्ये एक अडचण राहतेच. लाल साडी आणि हिरवी चोळी डोळ्यांना किती वेगळी दिसते! पण दोन्हीचा गडदपणा सारखा असेल, तर फोटोत दोन्ही एकाच करड्या रंगाच्या होतात, चोळी कुठे संपली आणि पदर कुठे सुरू झाला ते कळत नाही. म्हणून असा फोटो काढणाऱ्याला रंग विसरून फिकं काय आणि गडद काय एवढंच बघायची सवय लावावी लागते. तुम्हीही करून बघा. डोळे अर्धवट मिटून अंगणाकडे बघा. रंग मागे पडतात, उजेड आणि सावली पुढे येते.

बायका आणि कॅमेरा

फोटो काढायची कला 1839 साली युरोपात जगापुढे आली आणि 1854 साली मुंबईत फोटोग्राफीची संस्थाही स्थापन झाली. पण आपल्याकडे परक्या पुरुषासमोर तोंड उघडं टाकून बसायचं, हे कित्येक घरांतल्या बायकांना शक्य नव्हतं. लाला दीनदयाळ या नामवंत छायाचित्रकारांनी 1892 साली हैदराबादला खास बायकांसाठी स्टुडिओ काढला आणि तो एका बाईच्या हाती दिला. पडद्यातल्या बायकांना तिथे निर्धास्त फोटो काढता येऊ लागला.

आनंदीबाई जोशींचा एक फोटो तुमच्यापैकी काही जणींनी बघितला असेल. 1885 साली अमेरिकेतल्या त्यांच्या कॉलेजात तो काढला. जपानची एक, सीरियाची एक आणि आपल्या आनंदीबाई, अशा तिघी डॉक्टर होऊ घातलेल्या विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत. आनंदीबाई साडीत आहेत. पुढच्याच वर्षी त्या डॉक्टर झाल्या आणि 1887 साली, वयाची बावीस वर्षंही पूर्ण व्हायच्या आत गेल्या. आज त्या दिसायच्या कशा हे आपल्याला माहीत आहे, ते अशा काही फोटोंमुळेच.

आणि कॅमेऱ्याच्या मागे उभी राहिलेली बाई म्हणजे होमाई व्यारावाला. 1913 साली नवसारीला एका पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्या शिकल्या. फोटोग्राफी त्यांना माणेकशॉ यांनी शिकवली, तेच पुढे त्यांचे पती झाले. सुरुवातीला होमाईंचे फोटो पतीच्या नावाने छापले जायचे, कारण बाईचं नाव कोण विचारात घेणार? पुढे दिल्लीत त्या साडी नेसून, जड कॅमेरा घेऊन, पुरुषांच्या गर्दीत उभ्या राहिल्या. स्वातंत्र्य मिळालं तेव्हाचे दिवस, गांधीजींची अंत्ययात्रा, पंडित नेहरू, हे सगळं त्यांनी ब्लॅक अँड व्हाइटमध्ये टिपलं. देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांचं नाव घेतात. 2011 साली त्यांना पद्मविभूषण मिळालं आणि 2012 साली त्या गेल्या.

तेव्हा फिल्मचा एक रोल म्हणजे बारा नाहीतर छत्तीस फोटो. चुकला तर पैसे गेले. त्यामुळे बटण दाबायच्या आधी उजेड बघायचा, मागचं बघायचं, माणसाचं मन मोकळं व्हायची वाट बघायची. आपल्या मोबाईलवर शंभर फोटो निघतात, पण ही वाट बघणं आपण सोडून दिलं.

आपल्या मोबाईलवर चांगला फोटो

काकांनी सांगितलेल्या चार गोष्टी आम्ही गटात करून बघितल्या. तुम्हीही करा.

पहिली गोष्ट, भर दुपारच्या उन्हात फोटो काढू नका. डोक्यावरच्या उन्हाने डोळ्यांच्या खाचा काळ्या पडतात. सकाळी किंवा दिवस कलल्यावर, माणसाला ओसरीत किंवा दाराच्या आत हातभर अंतरावर बसवा. तोंड थोडं दाराकडे वळवा. एका बाजूने उजेड आला की गालाची ठेवण, कपाळावरच्या रेघा सगळं उठून दिसतं. दुसरी बाजू फार काळी वाटली, तर त्या बाजूला एकीने पांढरं धोतर किंवा चादर धरून उभं राहायचं. उजेड त्यावर आपटून चेहऱ्यावर येतो.

दुसरी गोष्ट, मागे काय आहे ते बघा. गडद चेहरा आणि मागे गडद भिंत असेल तर दोन्ही एकमेकांत मिसळतात. दोन्हींत फरक ठेवा. मागचा टीव्ही, पिशव्या, दोरीवरचे कपडे आधी बाजूला करा.

तिसरी गोष्ट महत्त्वाची आहे. फोनला सगळं मध्यम उजेडाचं करायची सवय असते. पांढरी साडी नेसलेली बाई समोर आली की फोन साडी बघून उजेड कमी करतो आणि तिचा चेहरा काळा पडतो. मग ती म्हणते, "माझा फोटो चांगला येतच नाही." चूक तिच्या चेहऱ्याची नसते. पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट ठेवा, बऱ्याच फोनमध्ये तिथे सूर्याचं चिन्ह येतं. ते हळूच वर-खाली सरकवा आणि चेहरा नीट दिसेल तिथे थांबा. आणि उजळ दाखवणारं फिल्टर लावू नका. ते सुरकुत्या पुसतं आणि माणूसही पुसतं.

चौथी गोष्ट, फोटो रंगीतच काढा आणि नंतर फोनमधल्या फोटो सुधारायच्या जागी जाऊन ब्लॅक अँड व्हाइट करा. रंगीत मूळ प्रतही राहते.

जुने फोटो जपताना

आता जिलेटिनकडे येऊ. फोटोवरचा तो थर ओल लागली की मऊ आणि चिकट होतो. पावसाळ्यात तो काचेला धरून बसतो, त्यावर बुरशीही वाढते. मी ओढला तेव्हा कागद सुटला आणि चित्राचा थर काचेवर राहिला. म्हणून हे लक्षात ठेवा.

काचेला चिकटलेला फोटो कधीही ओढू नका. काचेसकट आधी मोबाईलवर त्याचा फोटो घ्या. फ्रेम सावलीत सपाट ठेवा, फ्लॅश बंद करा, फोन बरोबर वर आडवा धरा. काचेत तुमचं प्रतिबिंब दिसत असेल तर अंगावर गडद ओढणी किंवा शाल घ्या.

फोटो ओल्या फडक्याने पुसू नका. गेलेल्या माणसाच्या फोटोला गंध लावायचं असेल तर काचेला लावा. नवी फ्रेम करताना काच आणि फोटोच्या मध्ये पुठ्ठ्याची चौकट घालायला सांगा, म्हणजे दोन्हींचा स्पर्श होणार नाही. ओल येणाऱ्या भिंतीवर आणि चुलीच्या धुरात फोटो लावू नका. लॅमिनेशन करू नका, ते परत निघत नाही. सुटे फोटो प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, कागदी पाकिटात ठेवून कोरड्या पेटीत ठेवा. जुन्या निगेटिव्ह सापडल्या तर कचरा म्हणून टाकू नका, त्यातून पुन्हा फोटो निघतो.

आणि प्रत्येक फोटोच्या मागे, कडेला, पेन्सिलने हलक्या हाताने नाव लिहा. "सुनेची आई" असं नको. तिचं नाव लिहा, माहेरचं गाव लिहा. सांगणारं माणूस आहे तोवरच हे होतं.

मोबाईलवरच्या फोटोंच्या प्रतीही दोन ठिकाणी ठेवा. फोन हरवला की सगळं जातं.

मावशींच्या आईचं काय झालं?

तो फोटो दुरुस्त झाला नाही. काका म्हणाले, निगेटिव्ह असती तर दहा मिनिटांचं काम होतं. पण तो फोटो ज्या स्टुडिओत काढला होता, तो कधीच बंद पडला. मग मावशींनी त्यांच्या माहेरी विचारलं. भावाच्या घरी एका लग्नाचा मोठा फोटो निघाला, तीस-पस्तीस माणसांचा. अगदी कडेला, कुणाचं तरी लेकरू कडेवर घेऊन त्यांची आई उभी होती. चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा आणि लेकरू हलल्यामुळे थोडा पुसट. आम्ही सावलीत ठेवून मोबाईलवर त्याची प्रत घेतली. मावशी बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "या फोटोत ती हसतेय. आधीच्या फोटोत हसत नव्हती."

त्याने माझी चूक भरून निघत नाही. पण त्या दिवशी गटात एक ठराव झाला. आमच्या गटात साठी ओलांडलेल्या चौघी आहेत. विचारलं तर चौघींकडे स्वतःचा एकटीचा फोटो म्हणजे आधार कार्डावरचा आणि बँकेच्या पासबुकावरचा, बस्स. एका रविवारी सकाळी आम्ही चौघींना ओसरीत बसवलं, पांढरी चादर धरली आणि घाई न करता एकेकीचा फोटो काढला. ब्लॅक अँड व्हाइट करून मोठे छापून आणले. खर्च सगळ्यांनी वाटून घेतला. त्यातल्या एक आजी फोटो हातात घेऊन म्हणाल्या, "मेल्यावर लावायचा फोटो जिवंतपणी बघायला मिळाला, बरं झालं."

तेव्हा मैत्रिणींनो, या आठवड्यात दोन कामं करा. घरातल्या जुन्या फोटोंच्या प्रती काढा आणि मागे नावं लिहा. आणि घरातली जी सगळ्यात मोठी बाई आहे, तिला दाराच्या उजेडात बसवून तिचा एक चांगला फोटो काढा. जमलं की पुढच्या मीटिंगला घेऊन या, सगळ्या मिळून बघू.

पुढच्या वेळी पुन्हा आपला नेहमीचा विषय, बँकेत गटाच्या कर्जाचा अर्ज कसा भरायचा. तोवर नमस्कार.